मैना ॲडमिट आहे

ज्ञानचंदजींच्या नातवाचं लग्न दोन दिवसांवर आलं आणि नवरदेवाची घोडी आडवी झाली.

मैना आजारी पडली ती लाडाने. लग्नाआधीच्या मिरवणुकीत बायकांनी घोडीला ओवाळून भिजवलेली चणाडाळ भरवायची, ही घरची रीत. काकू, मामी, आत्या सगळ्यांनी रीत पाळली आणि आपलीच मूठ मोठी असावी, असं प्रत्येकीला वाटलं. मैनाचं पोट फुगून टम्म झालं. मालक उखर्डूने तिला टेम्पोत चढवून धुळ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं.

"तिनं पोट शे शेठ, तुमनं गोडाऊन नही!" तो चिडून म्हणाला.

डॉक्टर मेघा यांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत हिच्या तोंडात पाण्याशिवाय काही गेलं, तर घोडी विसरा."

ज्ञानचंदजींना घोडी विसरणं कसं जमणार? नातू संयमला उघडी जीप हवी होती. घोडीचा हट्ट आजोबांचाच. स्वतः ते लग्नाला मिरचीच्या ट्रकमधून गेले होते. "नवरदेव शिंकत उतरला," हे त्यांच्या पत्नी पानबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. घरात दुसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठ खुर्ची टाकून मैनाजवळ बसले.

इतक्यात कोणीतरी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'आपली घोडी ॲडमिट आहे.' लग्नाला आलेली पाहुणेमंडळी रिकामीच होती. आजाऱ्याला भेटायला जायचं आणि रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. असोद्याच्या मेहुण्यांनी केळ्यांचा अख्खा घड आणला. चाळीसगावच्या सुंदरबाई गुळाची ढेप घेऊन आल्या. शेजारचे दुकानदार लीलाधरभाऊ गाजरं घेऊन आले.

"आमच्यासमोर खाऊ दे की दोन घास," सुंदरबाई म्हणाल्या.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," शेठ म्हणाले. मैना टक्क डोळ्यांनी केळ्यांकडे पाहत होती.

पाहुणे गेले, केळी राहिली. मैना मान लांब करायला लागली. डॉक्टर ओरडल्या, "हे आधी इथून हलवा!" हलवावं कुठे? घरी न्यावं, तर ज्यांनी आणलं तेच घरात उतरलेले. टाकून द्यावं, तर अन्न टाकणं म्हणजे पाप. शेठनी एक केळं सोललं. मग दुसरं. त्यात शेठ जैन, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नसत, त्यामुळे जे काही संपवायचं ते उजेडातच. शेठ एक डोळा सूर्यावर ठेवून भराभर खात सुटले. गूळही खाल्ला. जमिनीखालचं खायचं नाही म्हणून गाजरं तेवढी वाचली. ती उखर्डूने पोत्यात बांधून ठेवली.

दिवस मावळताना मैना उभी राहिली आणि तिने लीद टाकली. "सुटली!" डॉक्टर आनंदाने म्हणाल्या. त्याच क्षणी शेठ पोट धरून खाली बसले.

लग्नाच्या दिवशी ज्ञानचंदजी माणसांच्या दवाखान्यात, तळमजल्यावर, हाताला सलाईन लावून पडले होते. त्यांना भेटायला पाहुण्यांची रीघ लागली होती, हातात केळी होती आणि पानबाई दारातूनच सगळ्यांना परत पाठवत होत्या. बाहेर बँड वाजला, तसे शेठ भिंतीकडे तोंड करून झोपले. एवढं करून आपल्यालाच वरात दिसणार नाही, याचं त्यांना रडू येत होतं.

बँड खिडकीजवळ येऊन थांबला. पाहतात तो मैनाचं डोकं खिडकीतून आत, आणि तिच्या पाठीवर फेटा बांधलेला संयम.

"आशीर्वाद द्या, आजोबा. जीप नको म्हटलं मीच."

शेठनी मोकळा हात संयमकडे उंचावला. पानबाईंनी डोळे पुसले. "हा शिंकत नाही हो," त्या म्हणाल्या.

उखर्डूने गाजरांची जुडी खिडकीत ठेवली. "मैना तुमले भेटाले उनी शे, शेठ. आजारी मानुसकडे खाली हात कसं येवानं?"

शेठनी घाबरून जुडीकडे पाहिलं. पण मैनाने मान पुढे केली आणि एकेक गाजर करकरा चावून संपवलं. दोन दिवसांत इतकी समजूतदार पाहुणी ज्ञानचंदजींनी पाहिली नव्हती. आणलेलं तिने स्वतःच खाल्लं आणि ती निघून गेली.