दीर्घिकेचं बारसं

"हे काय छापलंय तुम्ही?" पद्मजा फोनवर इतक्या जोरात ओरडली, की पनवेलच्या पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयात पेपर वाचणारे चार पेन्शनर मान वर करून बघायला लागले.

२०१३ सालचा रविवार, दुपारचे साडेतीन. चार वाजता वरच्या सभागृहात तिचं व्याख्यान होतं. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड मेळे, शेकड्यांनी एकत्र राहतात. त्या गोतावळ्याच्या मधोमध बसलेल्या थोरल्या दीर्घिकेत तारे कसे जन्मतात, यावर ती पाच वर्षं पीएच.डी. करत होती. फ्लेक्ससाठी तिनं मजकूर दिला होता : 'मध्यवर्ती दीर्घिकेत नव्या ताऱ्यांचा जन्म'. फाटकावर लटकत होतं : 'सौ. दीर्घिका हिला पुत्ररत्न! सर्वांनी अगत्य यावे.' कोपऱ्यात पाळणा, पाळण्याखाली पद्मजाचा फोटो.

"मॅडम, आवाज खाली!" फ्लेक्सवाला विनायकही भडकला. "मजकूर अर्धवट देता तुम्ही. ना बाईचं आडनाव, ना मुलगा की मुलगी. मी डोकं लावलं म्हणून वेळेत झालं. थँक्यू राहिलं बाजूलाच!"

"अहो, दीर्घिका बाई नाहीये!"

"मग आधी सांगायचं ना!" त्यानं फोन कट केला.

फ्लेक्स उतरवायला ती जिन्याकडं धावली, तर जिना बायकांनी भरलेला. समोरच्या मासळी बाजारातल्या सोनाबाई सगळ्यांत पुढं, हातात झबलं-टोपडं.

"किती सुकलीस गो! पोर कुठं हाय?"

"बाळ नाहीये! माझं लग्नसुद्धा झालेलं नाही!"

हे बोलायला नको होतं, हे तिला जिन्यातल्या बायकांनी तोंडाला लावलेल्या पदरांवरून कळलं.

सोनाबाईंचा पारा चढला. "कोन हाय तो? नाव सांग, बघतेच त्याला!"

"कुणीही नाही! वर चला सगळ्या. बसा. बसा म्हणते ना!"

तिनं बायकांना अक्षरशः हाकलत सभागृहात नेलं, पडद्यावर पहिलं चित्र आपटलं आणि टिपणं न बघता, दातओठ खात बोलायला सुरुवात केली. ही बघा दीर्घिका. वय अब्जावधी वर्षं. भोवती तापलेला वायू. तो निवला की हिच्यावर उतरतो आणि त्यातून तारे जन्मतात. हिला तर अजून वर्षाला शेकडो होतात.

"या वयात? वर्साला शेकडो?" सोनाबाई उठून उभ्या राहिल्या. "तिला कोनी इचारलं का?"

"शेकडो काय, असल्या सगळ्या थोरल्या दीर्घिकांना हजारो व्हायला हवेत! वायू तेवढा आहे. पण बहुतेक दीर्घिकांच्या पोटात एक कृष्णविवर असतं. ते गिळतं, आणि गिळताना एवढी आग ओकतं की वायू निवतच नाही, आणि तारे जेमतेम होतात."

"गिलतंय आनि वर आगबी ओकतंय?" मागून एकजण म्हणाली. "आमचा घोव तसाच हाय."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. पद्मजा आणखीच चिडली. सोनाबाई मात्र हसल्या नाहीत. चित्राकडं बोट रोखून त्यांनी विचारलं, "मंग हिच्या पोटातला तो गप का बसलाय?"

पद्मजाच्या गाइडनं याच प्रश्नावर तिच्या प्रबंधाचं प्रकरण तीनदा परत पाठवलं होतं.

"माहीत नाही!" ती कडाडली. "पाच वर्षं तेच शोधतेय!"

"पाच वर्सं?" सोनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मंग एवडे दीस करत काय व्हतीस गो?"

गाइडही नेमकं हेच विचारायचे. पण ते इंग्रजीत विचारायचे, म्हणून आजवर इतकं लागलं नव्हतं.