तेल गरम होईपर्यंत

डोमाजी गाडी सुरू करतात आणि लगेच खाली उतरून तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. हात मागे बांधलेले, मफलर कानांवरून वर सरकवलेला, नजर मिलच्या चिमणीकडे. नवीन माणसाला वाटतं, या दोघांचं काहीतरी बिनसलं आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "इंजिन डोळ्यानं समजत नाही गा. डोळे तिकडं वळले का पॉलिश पाहत बसतात. कान तेवढे इमानदार."

ही गाडी म्हणजे तुमसरच्या आमच्या राइस मिलच्या शेठजींनी मुलासाठी, पियूषसाठी घेतलेली स्पोर्ट्स कार. पिवळीधम्मक, दोन दारांची, दोनच सीटची. उंची इतकी कमी की धानाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी लागली की ती दिसेनाशी होते. हमाल तिला बेडकी म्हणतात. पियूष बंगलोरला नोकरीला गेला, वर्षातून दोनदा येऊ लागला, आणि बेडकी गोदामात राहिली. तिला जिवंत ठेवण्याचं काम डोमाजींकडे आलं. त्याआधी पंचवीसेक वर्षं ते मिलचा ट्रक चालवत होते.

मी त्याच मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. माझे वडील इथेच हमाल होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो, म्हणून डोमाजी मला नावानं हाक मारत नाहीत, "ग्रॅज्युएट" म्हणतात. त्यात थोडी चेष्टा असते आणि थोडा अभिमान. दोन्हींचं प्रमाण दिवसावर अवलंबून.

तर, गाडी गरम करणे. या विषयावर डोमाजींचं जगाशी वैर आहे, तेही दोन आघाड्यांवर.

पहिली आघाडी उतावळ्यांची. हे चावी फिरवतात आणि पाय दाबतात. त्यांच्याबद्दल डोमाजी फार बोलत नाहीत, नुसते थुंकतात. दुसरी आघाडी ट्रकवाल्यांची. हे इंजिन सुरू करून पंधरा-पंधरा मिनिटं चहा पीत बसतात आणि त्यालाच गरम करणं म्हणतात. "उभ्या उभ्या गरम करणं म्हंजे पोहाले जाऊन तळ्याच्या पारीवर बसणं," डोमाजी त्यांना तोंडावर सांगतात. "डिझेल जळते, धूर होते, अन् गिअर, चाकं थंडच्या थंड."

त्यांची पद्धत अशी. सुरू केल्यावर गार इंजिन जरा मोठ्यानं, घाईघाईनं बोलतं. त्याला बोलू द्यायचं. मिनिटभरात त्याचा आवाज आपोआप खाली बसतो. तो बसला की निघायचं, पण नव्या सुनेनं सासरी चालावं तसं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजाराच्या वर जाऊ द्यायचा नाही, पाय एकदम दाबायचा नाही, आणि पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणून फसायचं तर मुळीच नाही. इथे ते बोट वर करतात. "पाणी उतावळं असते. तेल घरंदाज. पाणी गरम झालं म्हंजे तेल झालं असं नाही. तेलाले पाच-सात किलोमीटर लागतात, थंडीत जास्त. तेल पातळ होऊन जिथल्या तिथं पोचलं, मंग पळव, मी नाही म्हनणार नाही."

हे शास्त्र त्यांना कोणी शिकवलं? गाडीसोबत आलेल्या जाड पुस्तकातला तो भाग त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. इंग्रजीतून मराठी करताना मला घाम फुटला. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे कंपनीवाल्यायले मालूम आहे." कंपनी पास झाली.

हा माणूस कोणासाठी घाई करत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर, केंद्र भंडाऱ्याला, आणि माझी एस.टी. चुकलेली. वडिलांनी डोमाजींना गळ घातली. ते ट्रक घेऊन भंडाऱ्यालाच निघाले होते. मी केबिनमध्ये बसलो, हातात हॉल तिकीट. आणि डोमाजी ट्रक सुरू करून बाहेर, पाठ करून उभे! पुढे चार-पाच किलोमीटर तर आम्हाला सायकलवाले मागे टाकत होते. मी म्हटलं, "काका, पेपर सुरू होईल." म्हणाले, "होऊ दे. तूही एकदम पळवू नको. पयले सोपे प्रश्न लिही. डोकं चालू लागलं का मंग मोठे घे." घंटा होता होता मी वर्गात शिरलो. आणि सांगायला हरकत नाही, त्यांचं ऐकलं म्हणूनच तो पेपर सुटला. आज मी खुर्चीवर बसतो त्यात त्या ट्रकचा वाटा आहे.

पियूष सुट्टीत आला की नियम आणखी कडक. गाडी त्याची, चावी त्याची, पण तेल गरम होईपर्यंत डोमाजी बाजूच्या सीटवर बसणार. पूर्वी जीपनं त्याला शाळेत सोडायला तेच जायचे, त्या हक्कानं. ते "बाबू" म्हणणार आणि पियूष निमूटपणे हळू चालवणार. काटा जागेवर आला की डोमाजी रस्त्यात उतरून पायी परत यायचे. आम्ही हसायचो. हमाल विचारायचे, "काय जी, बेडकीले ताप आहे का उतरला?" डोमाजी म्हणायचे, "तुमचं डोकं पयले गरम करा, मंग बोला."

या जानेवारीत पियूष आला तो कॅनडाला जायचं ठरवूनच. जायला आठवडा उरला होता. गाडी विकायची ठरली. हे शेठजींनी डोमाजींना सांगितलं नाही, ड्रायव्हरला काय सांगायचं! त्यांना ते कळलं ते थेट त्या सकाळी, नागपूरहून काळा चष्मा घातलेले एक साहेब आले तेव्हा.

थंडी अशी होती की कट्ट्यांवर दव साचलं होतं. साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत बसले, चावी फिरवली आणि पाय पुरता दाबला. गाडी किंचाळली. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्यांनी हसून पुन्हा दाबला.

तिसऱ्यांदा दाबायच्या आत डोमाजी बॉनेटसमोर उभे होते. या वेळी पाठ करून नाही. तोंड करून.

"बंद करा जी."

"कोण आहे हा?" साहेबांनी काचेतून डोकं काढलं.

"कोणी नाही. बंद करा. ती अजून झोपीतच आहे अन् तुम्ही तिले दाणदाण पळवून राहिले."

"अरे, मैं गाडी ले रहा हूँ!"

"ले रहे हो, लिया नहीं."

हमाल खाली मान घालून हसू लागले. तेवढ्यात शेठजी ऑफिसमधून बाहेर आले. "डोमा, बाजूला हो."

"नाही होत, शेठजी."

मिलमध्ये इतकी शांतता मी भोंगा बंद पडला तेव्हाही ऐकली नव्हती. शेठजींना कोणी 'नाही' म्हणताना माझ्या वडिलांनीही पाहिलं नसेल.

"लोकांसमोर तमाशा करून राहिला? उद्यापासून येऊ नको तू."

"उद्या गाडीच नाही, तं येऊन करू काय?" डोमाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आज आहे, तं आजचं काम करून राहिलो. अंगावरून न्यायची असन तं न्या. पण पयले गरम करा, मंग न्या."

पियूष इतका वेळ खांबाला टेकून मोबाइल पाहत होता. त्यानं मोबाइल खिशात टाकला, गाडीचं दार उघडलं आणि साहेबांना म्हणाला, "उतरा सर. तुम्ही तुमच्या गाडीतून मागून या. नागपूरपर्यंत मी आणतो."

"व्हॉट नॉनसेन्स—"

"पटत नसेल तर राहू द्या. बाबा, तुम्ही पण राहू द्या." मग डोमाजींकडे न बघता म्हणाला, "काका, बसा."

डोमाजी लगेच बसले नाहीत. आधी वळून पाठ करून उभे राहिले. साहेब, शेठजी, वीस हमाल आणि मी, सगळे इंजिनाचा आवाज खाली बसण्याची वाट बघत. मग बेडकी फाटकातून इतक्या सावकाश बाहेर पडली की चौकीदाराला सलाम दोनदा करावा लागला. मागून साहेबांची मोठी गाडी, रागानं हॉर्न देत.

पाच मिनिटांनी शेठजींच्या लक्षात आलं की गाडीच्या कागदांची फाइल टेबलावरच राहिली. मला मोटरसायकलवर पिटाळलं. पकडायला वेळ लागणारच नव्हता. सात-आठ किलोमीटरवरचं रेल्वे फाटक बंद होतं, रांग लागली होती आणि रांगेत सगळ्यांत पुढे ती पिवळी गाडी. मी तिच्या बाजूला जाऊन थांबलो. काच खाली होती. गाडी एवढी बुटकी की आतल्यांना माझा फक्त गुडघा दिसत असेल. मी वाकून फाइल देणार, तोच डोमाजींचा आवाज आला.

"तिकडं बर्फ पडते म्हनते. कान बांधत जाशील. दुसरीत होता तवा कान दुखे तुहा, जीपमध्ये माह्या मांडीवर डोकं ठेवून झोपे."

"हो."

"स्वयंपाक?"

"शिकलो थोडा. खिचडी येते."

"खिचडी बेस."

मालगाडी आली. डबे मोजावेत इतकी लांब. ती गेली तेव्हा पियूष बोलत होता, स्टिअरिंगकडे बघत. "काका, घरी कोणाला सांगितलं नाही. मला जायची भीती वाटून राहिली."

इंजिन एका लयीत, समाधानानं चालू होतं. पाण्याचा आणि तेलाचा, दोन्ही काटे केव्हाचे जागेवर आले होते, मला वरूनही दिसत होते.

"मलेही," ते म्हणाले.

फाटक उघडलं. बाजूचे स्कूटरवाले सुटले. पिवळी गाडी हलली नाही. मागे साहेबांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. त्यांच्या मागे एक एस.टी. होती, तीही ओरडू लागली. मी फाइल छातीशी धरून उभाच.

तेवढ्यात डावीकडच्या खिडकीतून डोमाजींचा हात बाहेर आला. मागे वळून न पाहता त्यांनी तो हलवला. जा, सगळे पुढे जा. साहेब गेले, एस.टी. गेली, धानाचे दोन ट्रॅक्टर गेले. हात बाहेरच होता.