धोंडूबाईचा सोफा

"घर बघायला येऊ दे कुणीबी! इंदूबाईच्या घराला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय!" असं म्हणून इंदूबाईनं पदर खोचला. तासाभरात शेजारच्या धोंडूबाईचा सोफा आला, फ्रिज आला, टीव्हीही आला. पाहुणे यायचे म्हटलं की कुंभिवलीच्या त्या आळीत वस्तू अशाच फिरतात.

तेवढ्यात लेक हर्षला कॉलेजातून आली आणि दारातच पांढरीफटक पडली.

"आये, काय केलंस हे? गरजू घरच्या मुलींनाच मिळते गं ती फेलोशिप! तिथल्या मॅडम आपली परिस्थिती बघायला येतायत. हा थाट बघितला की माझं नाव कटलं, पीएच.डी. संपली!"

इंदूबाईनं कपाळावर हात मारला. लेकीचं शिक्षण आपल्या हौसेपायी बुडणार! "अवो, उठा आधी!" ती नवऱ्यावर ओरडली. सखा बिचारा सोफ्यावर नुकता कुठं टेकला होता.

फ्रिज गेला, टीव्ही गेला. सोफा मात्र दारात आडवा अडकला. आत कसा शिरला होता देव जाणे! सखा बाहेरून ओढतोय, इंदूबाई आतून ढकलतेय, आणि रिक्षातून मॅडम उतरल्या.

"सोफा कुठं चाललाय?"

"आमचा नाय तो! शेजारचा हाय!" इंदूबाई आतून ओरडली.

"मी आले की सगळ्यांचं सामान शेजारचंच होतं. परवा एका घरी गाडीसुद्धा शेजारची होती!" मॅडमनी पेन उघडलं.

इंदूबाईला वाटलं, खरं बोलूनही चोर ठरलो! हर्षला रडायच्या बेतात. इंदूबाईनं मनातल्या मनात ग्रामदेवीला नारळ बोलला, मग कोंबडा बोलला, तरी पेन थांबेना.

"मेले गं बाई!" धोंडूबाई किंचाळत आली. "इंदे, पाय मोडलास गं माझ्या सोफ्याचा! घरच्या पोरांना बसू देत नाय मी त्याच्यावर!" आणि तिनं इंदूबाईच्या सात पिढ्या अशा काढल्या की सगळी आळी जमली. इंदूबाईला त्या शिव्या साखरेसारख्या लागत होत्या. दे गं बाई, अजून दे!

मॅडमनी लिहिलेलं खोडलं. "पटलं. अशा शिव्या मालकिणीशिवाय कुणी देत नाही. हर्षला, तुझा अर्ज मी पुढं पाठवते."

मग सोफा ओलांडून त्या कशाबशा आत आल्या आणि रिकाम्या खोलीभर बघत म्हणाल्या, "सह्या घ्यायच्यात. बसायला काही आहे का?"

इंदूबाईनं दारातून हळूच मान बाहेर काढली.

"धोंडूवैनी, रागावू नका हां... तुमची ती लाल खुर्ची..."