माणसं हलवणारे भूपालअण्णा

तोंडात कापूस, डोळ्यांवर दिवा आणि दाढेत यंत्र, अशा अवस्थेत शहाणा माणूस फार तर ‘आ’ म्हणतो. भूपालअण्णांनी हातानं खूण करून यंत्र थांबवलं, कापूस काढून तळहातावर घेतला आणि म्हणाले, “डॉक्टर, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा हात गवंड्याचा हाय.”

डॉक्टर चिडले. मग त्यांना झोप लागेना. मग त्यांनी बंगल्याच्या कुंपणाची भिंत स्वतःच्या हातानं बांधली. आज शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात त्यांची बायको दात काढते, तीही डॉक्टरच आहे, आणि डॉक्टर हेल्मेट घालून कुठल्या तरी स्लॅबवर उभे असतात. पूर्वीपेक्षा खूप हसतात. अण्णांची दाढ मात्र अर्धी भरलेलीच राहिली.

भूपालअण्णा मगदूम माझ्या कारखान्याच्या वरच्या खोल्यांत एकटे राहतात. माझा कारखाना म्हणजे शाळेचे गणवेश शिवायचा. थोड्या बायका, थोडी मशीन आणि माझा आवाज, एवढ्यावर चालतो. अण्णा शिरोळकडचे, जैन शेतकरी घरातले. सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. ते म्हणतात, “उसाच्या गाड्या तोलता तोलता ड्रायव्हरं बघायची सवय लागली. कोण गाडी हाकतोय आणि कुणाला गाडीच हाकतिया, लगेच कळतंय.”

बायको गेल्यावर ते कोल्हापुरात आले. सकाळी देवळात जाऊन आले की खाली माझ्याकडं कापडाच्या गठ्ठ्यावर बसायचे आणि माणसं बघायचे. मला वाटलं, बसू दे म्हातारा, कुणाचं काय खातोय?

त्यांनी पहिली खाल्ली ती नंदा. माझी काज-बटणवाली. हात सोन्याचा, पण उशिरा येणारीला दारातच सुनवायची, “हितं उभारू नका, आत सरका, आत लै जागा हाय.” अण्णांनी आठवडाभर ऐकलं आणि निकाल दिला, “ही कंडक्टर हाय.” नंदानं एसटीची परीक्षा दिली. परवा गडहिंग्लजला जाताना बसमध्ये भेटली. मी आनंदानं हाक मारली तर म्हणाली, “मॅडम, ओळख नंतर. आधी सुट्टे काढा.”

मग आमचे कटिंग मास्तर, महादेव. कापडाचे वीस थर एका दमात सरळ कापायचे. त्यांच्याकडं बघून अण्णा बेचैन झाले. दोन दिवस खाली आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हात जोडूनच.

“मास्तर, मी जैन माणूस. हे बोलायला माझी जीभ उचलत न्हाय. पण दिसलेलं लपवू कसं? तुमचा हात मटणाचा हाय.”

आज रविवारी महादेवांच्या दुकानापुढं रांग असते. अण्णा तिथून जाताना नाकाला उपरणं लावतात, मान वळवतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून रांग किती लांब आहे ते बघतात.

माझ्या नवऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. हे तेव्हा विमा एजंट होते. अण्णा म्हणाले, “साहेब, तुमचा खरा पेशा म्हणजे पेन्शन. तुम्ही जन्मापास्नंच रिटायर हाय.” ह्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी ह्यांचा चेहरा असा उजळला, की मी पहिल्यांदा घाबरले.

“आणि मी?” मी विचारलं.

“अक्का, तुम्ही जाग्यावर हाय. तुमास्नी हलवायचं मंजे क्रेन लागंल.”

शेवटी मीच ठरवलं, या माणसालाच कुठं तरी कामाला लावायचं. स्वतःची नोकरी असली की दुसऱ्यांच्या सोडवणार नाही. माझ्या मावसबहिणीचं वधू-वर सूचक केंद्र आहे. तिथं बसवलं. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा बघून म्हणाले, “पोरगं गुणी हाय. पण ह्येला बायकू नको, बदली पायजे.” मुलानं बदली मागून घेतली आणि अण्णांना पेढे आणून दिले. मावसबहीण दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मग मामेभावाचं मिसळीचं हॉटेल. गल्ल्यावर बसायचं आणि कुणाकडं बघायचं नाही, अशी मी ताकीद दिली. अण्णांनी आधी आचाऱ्याला रिक्षा घ्यायला लावली. मग मामेभावालाच विचारलं, “मालक, खरं सांगा. तुमास्नी गिऱ्हाईक आवडत न्हाय न्हवं?” मामेभाऊ हातातला डाव खाली ठेवून म्हणाला, “न्हाय ओ. एकबी आवडत न्हाय.” आता तो बिद्रीकडं म्हशी पाळतो. म्हशी दोनदा तर्री मागत नाहीत म्हणतो. हॉटेलला कुलूप, आणि अण्णा परत माझ्या गठ्ठ्यावर.

या वर्षी एप्रिलात सरिता कामाला लागली. तिशीतली, हसरी, बडबडी. तिला मी शर्टाच्या खिशांवर बसवलं. तिनं पहिल्याच दिवशी चारी बाजूंनी शिवलेले खिसे दिले. मी म्हटलं, “अगं, यात पोरगं रुमाल कुठनं घालणार?” ती म्हणाली, “मॅडम, पण ह्यातनं काय पडणार बी न्हाय बघा.” तिला काढायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. पण तेवढ्यात मापं द्यायला पोरं आली.

लहान पोरांची मापं घेणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं. एक रडतं, एक टेप चावतं, एक आईच्या साडीत शिरतं. सरिता गुडघ्यावर बसली आणि घोडा झाली. घोड्याला म्हणे ज्याची उंची कळते त्यालाच तो पाठीवर घेतो. पोरं रांगेत उभी राहिली. मापं झाली तरी घरी जाईनात. एका आईनं तर तिला विचारलं, “ताई, तुम्ही कुठल्या बालवाडीत असता?” कोपऱ्यावरच्या बालवाडीत बाई हव्यात अशी पाटी लागली होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी गठ्ठ्याकडं बघितलं. अण्णा छताकडं बघत होते.

दिवस गेले, अण्णा तिच्याबद्दल चकार शब्द बोलेनात. मला नवल वाटायला लागलं. त्यांच्या निकालाची मी पहिल्यांदाच वाट बघत होते. माझे खिसे सुटले असते.

एक दिवस सरितानंच विचारलं, “अण्णा, सगळ्यास्नी सांगितलासा. माझी जागा कुठली ते सांगा की.”

सगळी मशीन थांबली. अण्णांनी उपरणं झटकलं. खाली बघत म्हणाले, “तू शिलाईचीच हैस. हितंच बरी.”

बायका खो खो हसल्या. सरिताला पटलं. ती आनंदानं पुढचा खिसा चारी बाजूंनी शिवायला लागली.

मी तापले. मशीन बंद झाल्यावर जाब विचारायला तडक जिना चढले. बाहेर अजून ऊन होतं. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात, ते मला ठाऊक होतं. दारातून बघितलं तर दोन ताटं होती. एका ताटावर सरिता होती. भाकरी मोडत ती म्हणाली, “या मॅडम. आमच्या घरात नवाशिवाय ताट मिळत न्हाय, आणि मला भूक लागतीया आत्ता. म्हणून रोज ह्यांच्यासंगट बसते. दोघांची सोय.” मग ती परत दुकानातल्या महादेवांची नक्कल करायला लागली, आणि अण्णांना हसून ठसका लागला.

ती गेल्यावर मी म्हटलं, “अण्णा, खोटं बोललात.”

“व्हय.”

“ती बालवाडीची आहे. हे मलासुद्धा कळतंय, आणि मला माणसं कळत नाहीत.”

अण्णा ताट पुसत राहिले. “माझ्या लेकीला बी मीच सांगितलं, तू पाण्यातली हैस. पुरात नाव अशी वल्हवायची की गडी मागं पडायचे. आता मोठ्या जहाजावर हाय. रेंज आली की फोन करतिया. बायको गेल्यापास्नं मी एकटाच जेवतोय, अक्का. ह्या येळंला जेवणारं ह्या गल्लीत दुसरं कोण हाय?”

कोणी नव्हतं. आमच्या गल्लीत त्या वेळेला लोक चहा पितात. मी खाली आले. सरिताचे त्या दिवशीचे खिसे स्वतःच उसवत बसले.

दुसऱ्या दिवशी अण्णा देवळातून आले ते गठ्ठ्यावर बसलेच नाहीत. सरिताच्या मशीनपुढं उभे राहिले.

“ऊठ. चप्पल घाल.”

“कुठं ओ?”

“कोपऱ्यावर. बालवाडीच्या बाईस्नी सांगून आलोय. काल मी चुकलो. माझा चष्मा निघाला व्हता.”

“अण्णा, तुम्हाला चष्मा कुठाय?”

“म्हणूनच चुकलो. चल.”

पुढं अण्णा, मागं सरिता, अशी वरात गेली. ती तिथं लागली. पोरं आता तिला घोडाबाई म्हणतात. आनंद आहे. बालवाडी लवकर सुटते, त्यामुळं संध्याकाळी ती घरी असते. माझे खिसे एका बाजूनं उघडे असतात. सगळं जागच्या जागी झालं.

फक्त संध्याकाळी वरून काही ऐकू येईना. मी शिलाईवाली बाई, मला मशीनचा आवाज थांबलेला चटकन कळतो, आणि तसंच काहीसं ते होतं. आठवडाभर मी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस कारखाना बंद केला, डबा घेतला आणि वर गेले. आमच्या घरी कांदा-लसूण चटणीशिवाय भाजी चुलीवरून उतरत नाही, हे सांगून ठेवते.

“डॉक्टरनी लवकर जेवायला सांगितलंय,” मी म्हटलं. “पित्त वाढलंय. घरी या वेळेला कुणी जेवत नाही, म्हणून आले.”

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग डब्याकडं बघितलं.

“भाजीत कांदा?”

“नाही.”

“लसूण?”

“नाही.”

“बटाटा?”

“नाही म्हटलं ना.”

अण्णा उठले, फळीवरचं दुसरं ताट काढलं, उपरण्यानं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

“मंजे अक्का,” ते म्हणाले, “पित्त सकाळी भाजी चिरतानाच चढलं व्हतं.”