वजा पंधरा मिनिटं

थोरलीचा प्रोग्रॅम लिहून झाला होता, राहिल्या होत्या फक्त चाचण्या. प्रोग्रॅमला एक वेळ द्यायची, तीत मिनिटं मिळवायला सांगायचं आणि त्याचं उत्तर आपण आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी जुळतंय का ते बघायचं. जुळलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल. सगळ्या खुणा हिरव्या झाल्या तरच सर आज सही करणार होते, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं.

लॅपटॉप हातावर तोलत ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"बाबा, पावणेआठ वाजलेत असं धरा. वीस मिनिटांनी किती वाजतील?"

बाबा बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "सात पन्नास."

"आई?"

"सात पन्नासच. यात विचारण्यासारखं काय आहे?"

कुणाला उशीर होऊ नये म्हणून बाबांनी घरातली सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढे ठेवली होती. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे जो तो मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करायचा आणि पूर्वीइतकाच उशिरा पोचायचा. थोरली तर त्या वजाबाकीतच लहानाची मोठी झालेली. तिलाही सात पन्नास बरोबरच वाटलं.

अशी बरीच उत्तरं गोळा करून तिने चाचण्या चालवल्या. वरपासून खालपर्यंत सगळं लाल.

"आई, माझा प्रोग्रॅम चुकतोय गं. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं जास्त सांगतोय."

"मग कर की वजा. आम्ही नाही करत रोज?"

थोरलीने तशी एक ओळ वाढवली. सगळं हिरवंगार झालं.

वर्गात सरांनी तिची उत्तरं वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. "मध्यरात्रीचे बारा घे. त्यात काहीच मिळवू नकोस."

पडद्यावर उमटलं: शून्य वाजून उणे पंधरा मिनिटं.

"ही वेळ कुठे असते गं?"

थोरलीने चाचरत घड्याळांची हकीकत सांगितली.

"उत्तरं आईबाबांनी दिली? दोघांनी एकच?"

"हो सर. तेवढ्या एकाच बाबतीत त्यांचं पटतं."

सर हसले. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "हे बघ, चाचणी म्हणजे साक्षीदार. तो बाहेरचा हवा. आता घरच्यांना विसर आणि बोटांवर मोज."

थोरलीने ती ओळ खोडली आणि बोटांवर मोजत, ओठ हलवत एकेक उत्तर नव्याने लिहिलं. पहिली खूण हिरवी झाली, मग दुसरी. शेवटचीही हिरवीच निघाली.

सरांनी सही केली. उठता उठता आवाज खाली आणून ते म्हणाले, "ती खोडलेली ओळ मला पाठवून दे."

"कशाला सर? चुकीची आहे ना ती?"

"चुकीचीच आहे. पण मी घरी रोज उशिरा पोचतो अशी आमच्याकडे तक्रार आहे. बघतो बसवून."