तीन वर्षांपूर्वीची छत्री

सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी विद्यापीठाच्या अकरा हजार आठशे बेचाळीस लोकांना एकाच वेळी मेल आला : 'ग्रंथालयात काळी छत्री विसरली आहे. सापडल्यास कळवावे.' छत्री तीन वर्षांपूर्वी विसरली होती.

दहा वाजून अठरा मिनिटांनी दुसरा मेल. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांचा निरोप समारंभ आज चार वाजता! हे विभागप्रमुख कधीच निवृत्त झाले होते. मेल त्यांनाही गेला. त्यांनी 'नक्की येतो' असं कळवलं आणि तेही अकरा हजार आठशे बेचाळीस जणांनी वाचलं.

पत्रव्यवहार विभागातल्या हेडक्लार्कच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. "अशक्य!" ते म्हणाले. चहा शर्टावर सांडला तरी ते तेच म्हणत होते.

त्यांना धक्का बसणं साहजिक होतं. विद्यापीठाची 'सर्वांसाठी' ही मेलिंग लिस्ट गेली अकरा वर्षं त्यांच्या ताब्यात होती. कोणीही मेल पाठवला की तो आधी त्यांच्यापुढे थांबायचा; त्यांनी हिरवं बटण दाबलं तरच पुढे जायचा. म्हणून सारी कचेरी त्यांना नाकेदार म्हणत असे. त्याच सकाळी त्यांनी बायकोला ऐकवलं होतं, "माझ्या परवानगीशिवाय त्या विद्यापीठात शिंकसुद्धा सगळ्यांना ऐकू जात नाही! आज चार वाजता मुलाखत. उपकुलसचिव झालोच म्हणून समज."

नाकेदारांची एक खास पद्धत होती. नको असलेल्या मेलला ते लाल बटण दाबून नामंजूर करत नसत. नामंजूर केलं की माणूस भांडायला येतो. विचाराधीन ठेवलं की विसरून जातो. असे चारशे बारा मेल विचाराधीन पडून होते.

त्यांतला तीनशे एकाहत्तरावा खुद्द नाकेदारांचा होता. गेल्या वर्षी वैतागून त्यांनी बायकोला लिहिलं होतं : 'आमचे कुलसचिव म्हणजे बंद पडलेली लिफ्ट. आत शिरलेला माणूस अडकतो, वर कोणीच जात नाही.' पत्ता टाकताना बायकोऐवजी लिस्टचा पडला. स्वतःच्याच नाक्यावर स्वतःला पकडून त्यांनी तो मेल सवयीने विचाराधीन ठेवला आणि विसरून गेले.

चारच्या मुलाखतीला समोर कुलसचिवच बसणार होते.

कोण सोडतंय हे मेल? नाकेदारांनी घाईघाईने पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा पडद्यावर आलं, 'खाते बंद. नवा पासवर्ड आपल्या मेलवर पाठवला आहे.' तो मेल येईना. ते धावत संगणक विभागात गेले.

"येईल की," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. "पण एकेक मेल बारा हजार जणांना जातोय. तुमचा पासवर्ड त्या गर्दीत मागे उभा आहे."

"मग सगळं बंद कर!"

"करतो. कुलसचिवांची लेखी परवानगी आणा. कारणासकट."

नाकेदारांनी कपाळ पुसलं. "निदान सोडतंय कोण ते तरी सांग."

"लिस्टचे दुसरे मालक."

नाकेदारांना आत्ता आठवलं. प्रत्येक लिस्टला दोन मालक हवेत असा नियम होता. शेजारच्या टेबलाला अधिकार द्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी सासऱ्यांचा पत्ता घातला होता. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. मेल म्हणून कधी उघडला नव्हता. पण कालच मेहुण्याने त्यांना नवा फोन दिला होता. मेल चालू करून!

त्यांनी फोन लावला. कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. एक वाजता सासऱ्यांचाच आला.

"जावईबापू, सारखा फोन करू नका हो, मेल पडद्यावरून जातो. पण काय विश्वास टाकलात तुम्ही माझ्यावर! निवृत्तीनंतर हे पहिलं काम दिलं कोणीतरी."

"बाबा, थांबा! काही मंजूर करू नका!"

"थांबायचं? लोक तीन वर्षं ताटकळलेत! माझ्या शाळेत अर्ज संध्याकाळपर्यंत कधी राहिला नाही. सगळे वाचून, एकेक सोडतोय. दोनशेच्या पुढे आलोय. हॅलो? आवाज येत नाही तुमचा." कट.

नाकेदारांनी बायकोला गाठलं. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर होती. तीनच्या आधी सुटका नव्हती. "अहो, बाबांना उगाच दुखवू नका," ती म्हणाली. मग लिफ्टचं कळलं. "बाई गं! निघते."

तीन वाजून दहा मिनिटांनी सासरे पुन्हा बोलले. आवाज जड होता.

"जावईबापू, बाकी सगळी सोडली, पण एक पत्र मला मंजूर करवेना. लिफ्टचं. खाली नाव तुमचं आहे."

"नामंजूर करा, बाबा! लाल बटण!"

"असं कसं? तुमचं मत घ्यायला नको? म्हणून तेच पत्र जोडून तुम्हाला मेल टाकलाय."

"कोणत्या पत्त्यावर?"

"मला एकच पत्ता येतो. लिस्टचा."

नाकेदारांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तर फोनने लगेच मलाच विचारलं, हा मेल मंजूर की नामंजूर? डोळे मिटायला लागलेत. उठल्यावर बघतो." कट.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी बायको माहेरी पोचली. नाकेदार मुलाखतीच्या दालनाबाहेर होते. तळमजल्यावर निवृत्त विभागप्रमुख नवा कोट घालून आपलाच निरोप समारंभ शोधत हिंडत होते.

"अहो, बाबा गाढ झोपलेत," ती फोनवर कुजबुजली. "फोनला त्यांचा अंगठा लागतो."

"झोपेतच लाव!"

"लावला! उघडला. दोन दिसतायत, तुमचं पत्र आणि बाबांचा मेल. खाली एक हिरवं, एक लाल. अगंबाई, बाबा कूस बदलतायत! लवकर सांगा, दोन्हीला कोणतं दाबू?"

"मोबाईल बाहेर ठेवायचा, साहेब," शिपायाने फोन काढून घेतला.

"लाल!" नाकेदार ओरडले. फोन तोवर ट्रेमध्ये, पालथा होता.

आत कुलसचिवांनी समोरची खुर्ची दाखवली. "बसा. पहिला प्रश्न. प्रत्येक लिस्टला दुसरा मालक असावा, हा नियम आपण कसा पाळलात?"

नाकेदारांनी तोंड उघडलं. तेवढ्यात कुलसचिवांच्या संगणकावर टिंग वाजलं. दिवसभरात असं चारशे वेळा तरी वाजलं असेल.

चार वाजून दोन मिनिटांनी कुलसचिवांनी चष्मा लावला आणि पडद्याकडे वळले.