शेजारच्या टेबलावरच्या कुंदाकाकू

दिल्लीत ॲपवर ओळख झालेल्या ज्या ज्या मुलाला मी पहिल्यांदा भेटले, त्या प्रत्येक भेटीला कुंदाकाकू हजर होत्या. शेजारच्या टेबलावर, राखाडी साडीत, ओळख न दाखवता.

काकू म्हणजे मयूर विहारमधल्या माझ्या घरमालकीण. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी पुण्याहून नोएडातल्या नोकरीसाठी आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागले. ॲपवरच्या मुलाला भेटायला निघालेय म्हटल्यावर त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "भेट की. बिल्कुल भेट. पण पहिली भेट म्हणजे प्रोबेशन. दिवसाउजेडी, मेट्रोजवळ. जायचं आपल्या पायांनी, यायचं आपल्या पायांनी. आणि मी येतेय."

ओळख लपवणं मात्र त्यांना जमत नसे. एकदा एक मुलगा स्वतःच्या प्रमोशनबद्दल इतका वेळ बोलला की शेजारून आवाज आला, "हा जेवू देणार आहे का तुला?"

मुलाने विचारलं, "आंटी कुछ कह रही हैं?"

"फोन पर होंगी," मी म्हटलं.

मला या सगळ्याची गंमत वाटायची. मग सरोजिनी नगरला एक जण भेटला. बोलायला गोड. निघताना म्हणाला, "चलो, कार में छोड़ देता हूँ." मी मेट्रोने जाईन म्हटलं. "अरे यार, इतना क्या डरना," म्हणत त्याने माझी पर्स उचलली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. मागितली तरी देईना, नुसता हसत राहिला. मी शेजारच्या टेबलाकडे बघितलं.

तेवढ्यात काकू आपली कटलेटची प्लेट घेऊन आमच्या टेबलावर येऊन बसल्या. "बेटा, पर्स इधर रखो." आवाज अगदी शांत. त्याने ठेवली. मग कटलेट खाता खाता चौकशी सुरू झाली. कुठे राहतोस, वडील कुठल्या खात्यात, तू इथे आहेस हे आईला माहीत आहे का. आईचा नंबर मागितल्यावर तो उठून चालता झाला.

"नोंद घेतली," काकू म्हणाल्या आणि मला पाणी प्यायला लावलं. मेट्रोत सगळा वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. त्या हाताचे आभार मी अजून नीट मानलेले नाहीत.

त्यानंतर अनिकेत भेटला, कोपर्निकस मार्गावरच्या मराठी जेवणाच्या कँटीनमध्ये. बोलता बोलता चहा गार झाला, पुन्हा मागवला. निघताना बघते तर शेजारचं टेबल रिकामं.

घाईघाईने घरी आले. काकू त्याच राखाडी साडीत, अंधारत आलेल्या खोलीत दिवा न लावता बसल्या होत्या.

"उठून का आलात?"

"आज तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. म्हटलं, आता काळजी नाही."

"काही खाल्लंत?"

"नाही गं. काका गेल्यापासून एकटीने हॉटेलात बसलं की घास उतरत नाही. तू समोर दिसायचीस, म्हणून खाता यायचं."

इतके दिवस मी समजत होते की सोबत मलाच लागते. मी दिवा लावला.

"रविवारी परत जाऊ, काकू."

"कोणाला भेटायचंय?"

"कोणालाच नाही. आपण दोघीच. जेवायला."

काकूंनी आपल्या पदराकडे बघितलं.

"मग दुसरी साडी नेसते," त्या म्हणाल्या. "ही ड्युटीची आहे."